पातेरा जाळू नका, अंगण बुजवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्याआधी बागेची तयारी कशी करावी यावर एक लेख आला होता. कुंडीतली माती बदलावी, तळाची भोकं मोकळी करावीत, गच्चीवर पाणी साचू देऊ नये, असं सगळं त्यात नीट सांगितलं होतं. पुण्याला माझी भाची गॅलरीत बाग करते, तिला मी तो कापून पाठवला. पण थेट जमिनीवरच्या अंगणाबद्दल आणि परसाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. आमच्या भागात तर सध्या सगळ्यात जास्त हेळसांड त्याचीच चालली आहे. म्हणून लिहायला बसले.

माझं घर संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत आहे. पुढे अंगण, मागे परडं, भोवती जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, थोडे माड, थोड्या पोफळी, एक रायवळ आंबा आणि एक कापा फणस. मिरची-वांग्याची रोपं तयार करून मी देवरुखच्या बाजारात विकते. रोपं घ्यायला आलेली माणसं आपल्या परड्याची हकीकत सांगितल्याशिवाय जात नाहीत, त्यामुळे पंचक्रोशीत कुणाकडे काय चाललंय ते मला कळत असतं. अलीकडे कानावर येतं ते हे : विहीर मार्चअखेर तळाला जाते, माडाची बोंडं म्हणजे कोवळी फळं गळतात, वेल मांडवावर चढायच्या आधीच पिवळा पडतो. त्यांच्या घरी गेलं की बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी दिसतात. उंबऱ्यापासून फाटकापर्यंत सिमेंटचे ब्लॉक, आणि परड्याच्या कोपऱ्यात पातेरा, म्हणजे झडलेला सुका पाला, जाळल्याची काळी जागा.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोकणात बागेची काळजी म्हणजे चार महिन्यांचं पाणी जमिनीत मुरवणं आणि उरलेले आठ महिने ती जमीन झाकून ठेवणं. खत, औषध, बियाणं हे सगळं त्यानंतर येतं.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेवढ्याशा जागेवर एका पावसाळ्यात ३ लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे १०,००० लिटरचे ३० टँकर. आणि मे महिन्यात कितीतरी वाड्यांमध्ये बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट बघत असतात. मुरलेलं सगळंच पाणी आपल्या विहिरीत येतं असं मी म्हणत नाही. जांभा सच्छिद्र आहे, पाणी त्यातून झरझर खाली जातं आणि वहाळाला लागतं. पण मातीवर पालापाचोळ्याचा थर असला, झाडांची मुळं असली तर ते थोडं थांबतं, हळूहळू झिरपतं. ब्लॉकवर पडलेलं पाणी थांबतच नाही. ते रस्त्यावर जातं आणि जाताना शेजाऱ्याच्या परड्यातली माती घेऊन जातं.

ब्लॉक का घालतात तेही मला माहीत आहे. माझा पुतण्या मुंबईला असतो. गेल्या शिमग्याला आला तेव्हा म्हणाला, "काकी, सगळीकडे ब्लॉक घालून टाकू, तुमचं झाडणं-सारवणं वाचेल." त्याच्या मनात माझी काळजीच होती. बहुतेक चाकरमान्यांचं असंच आहे. घर वर्षभर बंद, येणं गणपतीला आणि मे महिन्यात, आलं की कंबरभर गवत, त्यात जनावराची, म्हणजे सापाची भीती, आणि कामाला माणूस मिळत नाही. मी त्याला म्हटलं, "बाबू, फाटकापासून पायरीपर्यंत चिऱ्यांची वाट कर, दोन चिऱ्यांमध्ये चार बोटं जागा सोड, त्यात माती राहू दे. बाकी अंगण उघडं ठेव." त्याला ते पटलं. म्हाताऱ्या माणसांना चिखलात पाय घसरायची भीती असते, त्यांना वाट हवीच. पण वाट वेगळी आणि अख्खं अंगण बुजवणं वेगळं. निदान झाडांची आळी तरी सोडा. मोठ्या माडाचं आळं बुंध्यापासून चारी बाजूंनी ६ फूट असायला हवं, कारण पाणी आणि अन्न शोषणारी बरीचशी मुळं त्या घेरात असतात. बुंध्याला चिकटून गोल कट्टा बांधतात, वर रंग देतात, आणि मग दोन वर्षांनी नारळ लहान का झाले म्हणून मला विचारतात.

सध्या मे महिना सुरू आहे, म्हणजे आगोटीचे, पावसाळ्याच्या तयारीचे दिवस. आधी छपरावरचा पाला काढून पन्हळ साफ करून घ्यावी. ५०० चौरस फुटांच्या छपरावर पावसाळाभरात १ लाख ४० हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. पागोळीखाली ते एका रेषेत आदळून माती उकरतं आणि भिंतीच्या पायाला ओल देतं. पन्हळ लावून ते घरापासून लांब, जमलं तर विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्ड्यात सोडावं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी मात्र वाहून जाऊ द्यावं, त्यात छपरावरची घाण असते. इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. घर डोंगरउताराच्या लगत असेल तर घराच्या वरच्या बाजूला खड्डे, चर काही खणू नका. तिथे पाणी मुरवायचं नसतं, त्याला बाजूने वाट काढून द्यायची असते. जुलै २०२१ मध्ये महाडजवळ तळियेत दरड कोसळून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या वाडीतही वरच्या घरांना मी हेच सांगते : गटार मोकळं ठेवा, भेगा दिसल्या तर बुजवत बसू नका, ग्रामपंचायतीला कळवा.

आगोटीतच माडाचा शेंडा साफ करून घ्यावा. पाडेली माडावर चढतोच आहे तर नुसते नारळ पाडून खाली येऊ देऊ नये. सुकलेली चुडतं (झावळ्या), जुन्या पोया (फुलोरे) काढायला सांगाव्यात आणि गेंड्या भुंग्याची भोकं दिसतात का ते बघायला सांगावं. भोकात भुंगा असेल तर तारेच्या आकड्याने ओढून काढतात. मग वरच्या कोवळ्या पानांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घालायची. हा भुंगा माडावर जन्मत नाही, तो आपल्याच उकिरड्यात वाढतो. म्हणून मे महिन्यात शेणखताचा खड्डा वरखाली करावा. पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या मिळतात, त्या कोंबड्या आनंदाने खातात. एका घराने खड्डा उपसला आणि शेजारच्याने नाही, तर उपयोग होत नाही. वाडीने एका आठवड्यात मिळून करण्याचं हे काम आहे, आणि आमच्याकडे बायकांच्या बचत गटाने ते अंगावर घेतलं आहे.

पोफळी असतील त्यांनी पाऊस लागायच्या आत १ टक्का बोर्डो मिश्रण घोसांवर फवारून घ्यावं, नाहीतर कोळे रोगाने कच्ची सुपारी गळून खाली सडा पडतो. घरच्या चार झाडांना १० लिटर पुष्कळ होतं : १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत, आणि मग दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतत काठीने ढवळायचं. लोखंडी विळा त्यात बुडवून बघावा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घालावा. त्याच दिवशी वापरून संपवावं. उघडीप मिळाली की महिना-सव्वा महिन्याने पुन्हा एक फवारणी द्यावी.

मृग ७-८ जूनला लागतो. तोवर वेलांच्या जागा तयार हव्यात. आमच्याकडे खड्डा करून बी टाकलं तर आर्द्रात ते कुजून जातं. उंचवटा करायचा, गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत, अर्धी माती आणि अर्धं जुनं शेणखत, आणि त्यावर बी लावायचं. पडवळ, कारली, शिराळी, काकडी, दुधी, सगळ्यांना हेच. कारल्याचं बी कठीण असतं, ते रात्रभर पाण्यात भिजवावं. भेंडीचंही तसंच. बी घरचं असेल तर उत्तम. नसेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच हवेसाठी काढलेल्या जाती आहेत : काकडीत शीतल, कारल्यात कोकण तारा, पडवळात कोकण श्वेता. चकचकीत पाकिटातलं लांबचं बियाणं आमच्या पावसात टिकत नाही असा माझा अनुभव आहे.

मांडव पाऊस लागायच्या आधी बांधून व्हावा, भिजत बांधलेला मांडव पहिल्या वाऱ्याला कलतो. पडवळ वीतभर झालं की त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधतात, म्हणजे ते वेटोळं न होता सरळ वाढतं. नवीन लोकांना हे कुणी सांगत नाही. फळमाशीने डंख मारलेली काकडी, कारली तिथेच टाकू नयेत. आतली अळी मातीत उतरते आणि पुन्हा माशी होऊन वर येते. अशी फळं गोळा करून खोल पुरावीत. वेलवर्गीयांच्या माशीसाठी क्यू-ल्युअर नावाच्या वासाच्या आमिषाचा सापळा मिळतो. आंब्याच्या माशीची गोळी वेगळी असते, दुकानात नीट विचारून घ्यावी.

मिरची-वांग्याची रोपं हा माझा धंदाच, त्यामुळे त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. बी मे महिन्यात आडोशाला, छपराखाली गादीवाफ्यावर टाकावं आणि रोपं चार ते सहा आठवड्यांत, पाऊस जरा स्थिरावल्यावर लावावीत. बी दाट टाकायचा मोह होतो. दाट टाकलं की रोपं बुंध्याशी काळी पडून कोलमडतात, आज एक, उद्या सगळी ओळ. विरळ टाकावं, हवा खेळती ठेवावी, शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून वाफ्याला द्यावं, आणि पाणी वरून ओतू नये, शिंपावं. माझ्याकडून रोप नेणाऱ्याला मी एकच सांगते : लावायच्या दिवशी संध्याकाळी लावा, आणि लावल्यावर बुंध्याभोवती मूठभर सुका पाला पसरा. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटून तीच माती पानांच्या खालच्या बाजूला उडते, आणि रोग तिथून चढतो. पाल्याने ते थांबतं.

माकडांविषयी लिहिल्याशिवाय कोकणातल्या बागेवरचं पत्र पुरं होणार नाही. वानरं आणि माकडं यांनी लोकांना इतकं हैराण केलं आहे की कितीतरी जणांनी भाजी लावणंच सोडलं. त्यांचा वैताग मला पूर्ण मान्य आहे. माझ्या मांडवावरची काकडी मीसुद्धा पहाटे उठून राखते. पण परडं ओसाड टाकण्यापेक्षा त्यांच्या आवडीचं नसलेलं लावावं. हळद, आलं, सुरण, अळू, मिरची यांना माकडं सहसा हात लावत नाहीत. हळद आणि आलं तर आंब्याच्या अर्धवट सावलीतही येतं. मे अखेरीला कंद लावा, वर पातेऱ्याचं जाड पांघरूण घाला, आणि दिवाळीनंतर पानं सुकली की काढा. बंद घरांसाठीही हेच सोयीचं आहे. गणपतीला आल्यावर हळदीच्या पानांत पातोळ्या होतात, तेवढ्यासाठी तरी लावा.

पाऊस लागल्यावर अंगणात गवत येतं आणि दुकानातून तणनाशकाची बाटली येते. याबद्दल मला फार वाईट वाटतं. पहिल्या पावसात उगवतो तो टाकळा, त्याची भाजी आमच्याकडे दरवर्षी होते. मागून कुर्डू येतो, भारंगीला पालवी फुटते. हरताळकेला आणि गणपतीला पत्री लागते, त्यातला आघाडा आणि दूर्वा याच तणात असतात. तेरडा तर गौरीसाठीच. तणनाशक हे सगळं एका फवाऱ्यात घालवतं आणि पाऊस ते विहिरीकडे नेतो. गवत काढायचंच आहे तर विळ्याने काढा, पण मुळासकट उपटू नका. भर पावसात उघडी पडलेली माती पुढच्या सरीला निघून जाते. पायवाट, घराभोवतीची दोन हात जागा आणि विहिरीचा परिसर साफ ठेवा. बाकी गवत फुलोऱ्यावर यायच्या आधी, बी पडायच्या आत कापा आणि कापलेलं तिथेच आळ्यांत टाका.

गवताचा विषय आहे तर फुरशाचा, या विषारी सापाचाही आहे. आमच्या जांभ्याच्या गडग्यांत फुरसं असतं, दगडाच्या रंगात मिसळून जातं. गडगा दुरुस्त करताना फटीत हात घालू नये, काठीने दगड हलवून मग उचलावा. लाकडाचा ढीग घराच्या भिंतीला टेकवून रचू नये. रात्री अंगणात उतरताना बॅटरी आणि पायात चपला हव्याच. चावलं तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरळ दवाखान्यात न्यावं.

पावसाळाभर आठवड्यातला एक दिवस करवंट्या, फुटक्या बादल्या, प्लास्टिकचे कागद, जुने टायर उलटे करण्यात घालवावा. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस घेतो, म्हणून दर आठवड्याला एकदा पाणी ओतून दिलं तर त्याची पिढी पुरी होत नाही. आरोग्य खात्याच्या ताई कोरडा दिवस पाळा म्हणून दारोदार सांगतात, ते मनावर घ्यावं.

हस्त संपला की ऑक्टोबरचं ऊन जमिनीला आठवडाभरात दगड करतं. म्हणून पाऊस जाता जाता, माती ओली असतानाच झाडांच्या आळ्यांत कापलेलं गवत, पाला भरून टाकावा. आधी ओल, मग झाकण. कोरड्या मातीवर घातलेलं आच्छादन वरून दिलेलं पाणीही खाली जाऊ देत नाही. लाल माठ, मुळा, मेथी, वाल यांची हीच वेळ. लाल माठ महिन्याभरात तोडायला येतो, शाळेतल्या मुलांना लावायला द्यावा असा. दिवाळीच्या सुमारास अंगण खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवतात. हे अंगण तुडवलेलं असलं तरी मातीचंच असतं, पुढच्या मृगात ते पुन्हा भिजतं. सिमेंटला ते जमत नाही.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिलं ते. जानेवारीपासून पानगळ सुरू होते. फणस, आंबा, काजू, ऐन, साग, रोज सकाळी परडं भरून पातेरा. आमच्या सासूबाई हा पातेरा झाडून थेट गोठ्यात गुरांखाली घालायच्या. गुरांच्या पायाखाली तो चुरडायचा, शेण-मूत प्यायचा, आणि आठवड्याने खड्ड्यात जायचा. आता गोठे रिकामे झाले, त्यामुळे पातेऱ्याचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला, आणि काडी लावणं हे उत्तर निघालं. संध्याकाळी वाडीत धूर कोंडतो, दम्याची माणसं खोकतात. पहाटे विझलीशी वाटणारी राख दुपारच्या वाऱ्याला पेटते, आणि गडग्यापलीकडच्या सुक्या गवतातून वणवा काजूच्या बागेत शिरतो. किती जणांच्या दहा-बारा वर्षांच्या कलमांची अशी राख झाली हे शेतकऱ्यांनाच विचारा. आणि एवढं करून मिळते ती दोन घमेली राख.

गुरं नसली तरी पातेरा कुजतो. सावलीत, पावसाचं पाणी साचणार नाही अशा जागी कमरेइतका खड्डा किंवा नुसतं जुन्या चिऱ्यांचं कुंपण पुरे. वीतभर पाला, त्यावर शेणकाला, त्यावर चार घमेली माती, पुन्हा पाला, असे थर द्यायचे. शेण नसेल तर हिरवा पाला हवा, कारण नुसता सुका पाला वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्यासाठी गिरिपुष्प, म्हणजे आमच्याकडचं उंदीरमारी, गडग्याच्या कडेने लावून ठेवावं. जूनमध्ये हातभर फांद्या खोचल्या की जगतात, आणि दुसऱ्या वर्षापासून छाटायला पाला मिळतो. त्याचा पाला कोवळा, लगेच कुजतो आणि सुक्या पाल्यालाही कुजवतो. मधूनमधून पाणी शिंपडावं. मूठभर काढून दाबलं तर हाताला ओल लागावी, पण थेंब गळू नये, इतकंच. आंब्या-फणसाची पानं चिवट असतात, त्यांना वर्षही लागतं. वाट बघावी. पाऊस लागताना वरून झाप किंवा पत्रा टाकावा, नाहीतर खताचा कस धुऊन जातो.

हेही करायला जमत नसेल तर आणखी सोपं : पातेरा झाडून थेट माडाच्या आळ्यात टाका, वीतभर जाड. उन्हाळ्यात माडाला आळं भरून दर चार दिवसांनी २०० लिटर पाणी द्यावं असं सांगतात. उघड्या आळ्यात त्यातलं बरंच उन्हाने उडतं, झाकलेल्यात राहतं. नारळाची सोडणंही फेकू नका, जाळू नका. आळ्यात चर करून सोडणं उताणी, पोकळ बाजू वर करून थरावर थर पुरा. आपल्या वजनाच्या तिप्पट-पाचपट पाणी ती धरून ठेवतात आणि पाच-सात वर्षं काम देतात. माझ्या विहिरीजवळच्या माडांना मी असंच केलं आहे. मे महिन्यात बोंडगळ होत नाही असं नाही, पण शेजारच्या उघड्या माडांपेक्षा ती कमी असते, हे येऊन कुणीही बघावं. मोरीचं पाणी केळीला आणि अळवाला सोडावं, त्याला वेगळा खर्च नाही.

आपणास विनंती अशी की बागेवरचं पान विभागवार करावं. घाटावरच्या काळ्या जमिनीची वेळापत्रकं आम्हाला लागू पडत नाहीत आणि आमची त्यांना. मृग, आर्द्रा, हस्त, स्वाती या हिशेबाने त्या त्या पंधरवड्यात परसात काय करावं हे जाणकार शेतकऱ्यांकडून आणि दापोलीच्या तज्ज्ञांकडून लिहून घेतलं तर गावी असलेली आणि मुंबईत राहून गावचं घर सांभाळणारी, दोन्ही प्रकारची माणसं ते जपून ठेवतील. ग्रामपंचायतींनाही आपल्या पत्रातून सांगावं, की घरकुल किंवा सुशोभीकरणाच्या निधीतून ब्लॉक घालताना झाडांची आळी आणि निदान निम्मं अंगण उघडं राखावं, आणि फेब्रुवारीच्या ग्रामसभेत पातेरा न जाळण्याचा ठराव घ्यावा.

मृगाला आता फार दिवस उरले नाहीत, म्हणून हे पत्र शक्य तितक्या लवकर छापावं. माझ्याकडे गावठी काकडीचं, पांढऱ्या पडवळाचं आणि लाल माठाचं घरचं बी आहे. देवरुखच्या बाजारात रोपांच्या रांगेत मी बसते. ज्यांना हवं असेल त्यांनी यावं, बियाण्याचे मी पैसे घेत नाही. पुढच्या वर्षी आपल्या वेलाचं एक फळ बियाण्यासाठी राखून त्यातलं मूठभर दुसऱ्या कुणाला द्यावं.

आपली,
एक वाचक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी